ठासणीची दुनळी : तिची घडण आणि तिची शिस्त

आपल्या मराठी भाषेवर बंदुकीचे ऋण पुष्कळ आहे. वक्त्याच्या भाषणात आवेश 'ठासून भरलेला' असतो. एखाद्याची फुशारकी 'फुसका बार' ठरते. स्वतः मागे राहून काम साधणारा मनुष्य 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक' ठेवतो. आणि घरातील मंगलकार्य पार पडले की वडीलधारी माणसे 'एकदाचा बार उडाला' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. हे शब्द आपण नित्य वापरतो. परंतु ठासणे म्हणजे प्रत्यक्षात काय, कोणती वस्तू कशात आणि कोणत्या क्रमाने ठासावयाची, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

शाळेत इतिहास शिकविताना मला नेहमी वाटे की, पाठ्यपुस्तकांत लढायांच्या सनावळ्या असतात. परंतु ज्या हत्यारांनी त्या लढल्या गेल्या ती कोणी घडविली, कशी घडविली आणि ती बाळगणाऱ्याच्या स्वभावावर त्यांचा काय परिणाम झाला, याविषयी एक ओळही नसते. आपल्या ज्ञातिबांधवांच्या कित्येक जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर किंवा माळ्यावरच्या पेटाऱ्यात एखादी जुनी ठासणीची बंदूक असते. खंडेनवमीस तिला गंधफूल वाहिले जाते आणि पुन्हा वर्षभर तिची आठवण होत नाही. तिच्या जातकुळीतील सर्वांत कसबी प्रकार, म्हणजे एका माणसाच्या अंगमापाप्रमाणे घडविलेली ठासणीची दुनळी बंदूक, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यातून मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगतो. या बंदुकीच्या घडणीतच बाळगणाऱ्याला लागणारी शिस्त आणि मर्यादा गोवलेली होती. पुढे हत्यार वेगवान झाले, ती मर्यादा हत्यारातून निघून गेली आणि मग ती कायद्याने घालावी लागली.

नावे आणि प्रकार

ज्या बंदुकीच्या नळीला पुढचे एकच तोंड उघडे असते आणि दारू, डाट व छर्रे हे सर्व त्या तोंडातूनच आत घालून लांब गजाने बसवावे लागतात, ती ठासणीची बंदूक. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते व तीतून एका गोळीऐवजी अनेक बारीक छर्रे एकदम सुटतात. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी जोडून एकाच लाकडी दस्त्यावर बसविल्या की ती दुनळी झाली. तिला घोडे दोन आणि चापही दोन असतात. नळीच्या रुंदीला 'बोअर' म्हणतात. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, ही गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते.

दारूला आग कशी लागते, यावरून ठासणीच्या बंदुकीचे तीन प्रमुख प्रकार पडतात. पहिली तोड्याची. तीत नळीच्या बाजूस असलेल्या बारीक छिद्रापाशी, म्हणजे बंदुकीच्या कानापाशी, रंजकाची दारू ठेवून तिला जळती वात टेकवीत. दुसरी चकमकीची. तीत घोड्याच्या तोंडात धरलेली गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी टोपीची. तीत तांब्याच्या इवल्याशा टोपीत स्फोटक द्रव्य असे, आणि ती टोपी नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर बसवून वरून घोडा आपटला की आग थेट आत जाई. तिन्हींत दारू तीच, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू. सोरा सुमारे पाऊण हिस्सा आणि उरलेल्यात कोळसा अधिक, गंधक कमी, असे तिचे प्रमाण असते.

मापाची बंदूक

एका माणसाच्या पसंतीची बंदूक मुद्दाम घडवून घ्यावी, ही कल्पना आपल्या देशास नवी नाही. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही बंदुकांच्या कारखान्याचे सविस्तर वर्णन आहे. कच्च्या व तयार लोखंडाचे वजन, लोखंड कोठले, कारागीर कोण, बंदूक कोठे व केव्हा घडली, हा सर्व तपशील प्रत्येक बंदुकीवर कोरण्याची तेथे रीत होती. अकबराच्या आवडत्या बंदुकीस 'संग्राम' असे नावच होते. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली किल्ल्याचा रक्षक जयमल याच्यावर बादशहाने हीच बंदूक झाडल्याचे इतिहासकार सांगतात. हत्याराला नाव देणे आणि त्याच्या अंगावर कारागिराचे नाव कोरणे, या दोन्ही गोष्टींत एक प्रकारची जबाबदारी मान्य केलेली असते.

परंतु उडत्या पक्ष्यावर झाडण्याची हलकी दुनळी पूर्णत्वास नेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या कारागिरांनी. हेन्री नॉक याने १७८७ साली नळीच्या बुडाची अशी रचना शोधली की, दारू अधिक वेगाने व सारखी पेटू लागली. त्यामुळे नळ्या आखूड करता आल्या आणि दोन नळ्यांची बंदूकही एका माणसाला सहज पेलेल इतकी हलकी झाली. त्यानंतर जोसेफ मॅन्टन याने या वस्तूला जे रूप दिले तेच पुढे सर्वांनी प्रमाण मानले. पुढे स्वतःच्या नावाने विख्यात झालेले जेम्स पर्डी यांच्यासारखे कारागीर त्याच्याच कारखान्यात काम करून गेले. १८०६ साली मॅन्टनने दोन नळ्यांमधील पट्टी उंच करण्याचा हक्क नोंदविला. नेम लक्ष्याच्या खाली जाण्याकडे शिकाऱ्याचा जो कल असतो, तो या पट्टीने आपोआप सुधारला जाई.

अशी बंदूक अंगरख्यासारखी बेतावी लागते. उडता पक्षी क्षणार्धात निघून जातो. तेथे एक डोळा मिटून सावकाश नेम धरण्यास अवकाश नसतो. बंदूक खांद्याला लागताच नळी नजरेच्या रोखाने असली पाहिजे. म्हणून कारागीर गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, मानेची उंची, खांद्याची रुंदी, गालाचा भरीवपणा हे सर्व पाही. दस्ता लांब झाला तर तो काखेत अडखळतो; आखूड झाला तर झटक्याने अंगठा नाकावर आदळतो. दस्त्याचा बाक कमी पडला तर छर्रे वरून जातात. अधिक झाला तर खालून जातात. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवावा लागतो, नाहीतर नळी डोळ्यासमोर येत नाही. अशा रीतीने एकासाठी बेतलेली बंदूक दुसऱ्याच्या हाती तितकी नीट चालत नाही. बापाची बंदूक मुलाकडे वारशाने येते. परंतु मुलाचे हात बापाएवढे नसतील तर दस्ता पुन्हा बेतून घ्यावा लागतो.

नळीचे काम तर याहूनही कष्टाचे. घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करून, ते तापवून एकजीव करून, त्यांच्या लोखंडाच्या पट्ट्या काढीत. रोजच्या ठोक्यांनी हे लोखंड चिवट झालेले असते, असा कारागिरांचा विश्वास होता. पुढे लोखंड व पोलाद यांच्या सळ्या एकत्र पिळून, त्यांची पट्टी करून, ती एका दांड्याभोवती वेटोळ्यासारखी गुंडाळीत आणि सांधे तापवून ठोकून एक करीत. अशा नळीला आम्लाने धुतले की तिच्या अंगावर लाटांसारखी सुंदर नक्षी उमटे. तिला 'दमास्कसची नळी' म्हणत. नळी घडविणारा वेगळा, घोड्याची कळ कानशीने घासून बसविणारा वेगळा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरणारा वेगळा आणि नक्षी काढणारा वेगळा. आपल्या गावगाड्यात जसा प्रत्येकाचा हात ठरलेला असे, तसेच तेथेही होते. एका बंदुकीत अनेकांचे हात मिसळत आणि नाव मात्र मालकाच्या पेढीचे कोरले जाई.

या कामाची पारख सरकारमान्य संस्थांकडे होती. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या मंडळास १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅम येथील परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्याने स्थापन झाले. तेथे नळीत नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक दारू भरून ती उडवीत. नळी टिकली तर तिच्यावर ठसा उमटवीत; फुटली तर कारागिराचे श्रम वाया जात, पण गिऱ्हाइकाचा हात वाचे.

एवढे असूनही मॅन्टनचे व्यावहारिक जीवन सुखाचे झाले नाही. कोर्टकज्जे आणि कर्ज यांत तो बुडाला व १८२६ साली त्याचे दिवाळे निघाले. १८३५ साली तो वारला. त्याचा निष्ठावंत गिऱ्हाईक कर्नल पीटर हॉकर याने त्याच्या थडग्यावरील लेख लिहिला. कारागिराच्या कबरीवर गिऱ्हाइकाने श्रद्धांजली लिहावी, असे उदाहरण विरळाच.

पाद्री आणि बदके

चकमकीच्या बंदुकीत एक उणीव होती. चाप ओढल्यावर आधी रंजक भडके आणि मग, डोळ्याचे पाते लवते न लवते इतक्या अवधीने, नळीतील दारू पेटे. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फॉरसिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. रंजकाचा भडका पाहून पक्षी सावध होत आणि छर्रे पोहोचण्यापूर्वी निसटत. या एवढ्याशा अडचणीने पाद्रीबाबांना रसायनशास्त्राकडे वळविले. ठोक्याने पेटणारे स्फोटक द्रव्य वापरून त्यांनी नवी कळ तयार केली. १८०६ साली लंडनच्या टॉवरमध्ये त्यांना प्रयोगासाठी जागा मिळाली. परंतु खात्याचा प्रमुख बदलताच नव्या अधिकाऱ्याने त्यांना गाशा गुंडाळावयास सांगितले. तरी ते खचले नाहीत. वाफेच्या यंत्राने कीर्ती पावलेल्या जेम्स वॅटचे साह्य घेऊन त्यांनी १८०७ साली आपला हक्क नोंदविला. पुढील दोन-तीन दशकांत या कल्पनेतून तांब्याची टोपी निपजली आणि चकमक मागे पडली. एका खेड्यातील पाद्र्याने बदकांसाठी केलेल्या खटपटीने जगातील सैन्यांची हत्यारे बदलली.

भरण्याची शिस्त

आता ही दुनळी चालविण्याची रीत पाहू. कारण तिचे खरे मर्म येथेच आहे.

प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या व कोरड्या आहेत याची खात्री करावयाची. मग मापाच्या तोंडाने ठराविक दारू एका नळीत ओतावयाची. तीवर जाड डाट गजाने दाबून बसवावयाचा, मग मोजून छर्रे, मग ते सांडू नयेत म्हणून पातळ चकती. दारू आणि डाट यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. कारण तशी पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. हा सर्व क्रम दुसऱ्या नळीसाठी पुन्हा करावयाचा. टोपी बसवावयाची ती सर्वांत शेवटी, आणि तीही बंदुकीचे तोंड माणसांपासून दूर असतानाच. एवढे होईपर्यंत शिकाऱ्याचे स्वतःचे हात नळीच्या तोंडाशीच असतात. चूक झाली तर पहिली शिक्षा त्यालाच मिळते.

एकनळीपेक्षा दुनळीचे धोके अधिक. गप्पांच्या नादात एकाच नळीत दोनदा दारू भरली जाते आणि दुसरी रिकामीच राहते. म्हणून जाणता मनुष्य भरलेल्या नळीत गज उभा ठेवून मगच दुसरीकडे वळतो. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. उजवी नळी दोन-तीनदा उडविली आणि डावी तशीच भरलेली राहिली, तर प्रत्येक धक्क्याने डाव्या नळीतील छर्रे व डाट थोडे थोडे पुढे सरकतात आणि मागे पोकळी पडते. तेव्हा उजवी पुन्हा भरताना आधी डाव्या नळीची टोपी काढावयाची व मग तिच्यातही गज घालून डाट जागेवर आहे ना, हे पाहावयाचे. आणि उडवूनही बार न झाल्यास तोंड समोर सुरक्षित दिशेस धरून काही वेळ स्वस्थ उभे राहावयाचे. नळीत डोकावावयाचे नाही.

शिकार संपली तरी काम संपत नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषून घेते आणि एका रात्रीत नळीला गंज चढू लागतो. म्हणून त्याच संध्याकाळी कढत पाण्याने नळ्या धुवून, कोरड्या करून, तेलाचा हात फिरवावा लागतो. भूक लागली आहे, पाय दुखत आहेत, तरी आधी बंदूक आणि मग जेवण, असा जुन्या लोकांचा नियम होता.

दोन बार उडविले की पांढऱ्या धुराचा पडदा समोर उभा राहतो आणि पुन्हा भरण्यास एक-दोन मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात पक्षी दूर जातो, श्वापद झाडीत शिरते. ज्याच्या हाती दोनच बार आहेत तो दहादा विचार करतो. अंतर किती आहे, वारा कोणीकडचा आहे, मागे कोणी माणूस तर नाही, हे सर्व पाहिल्यावाचून तो चाप ओढीत नाही.

वेग आणि मर्यादा

फ्रान्समध्ये लेफोशे याने १८३५ साली मागून उघडणाऱ्या, काडतुसाच्या बंदुकीचा हक्क नोंदविला. १८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनात ती बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली व काही वर्षांत आपल्या पद्धतीने घडविली. जुन्या मंडळींनी विरोध केला. 'द फील्ड' या शिकारविषयक पत्राने १८५८ व १८५९ साली दोन्ही प्रकारांच्या जाहीर चाचण्या घेतल्या. पहिल्या चाचणीत ठासणीच्या बंदुकांचाच मारा अधिक जोरदार ठरला. तरी काळाचा निकाल उलट लागला. काही सेकंदांत भरता येणारी बंदूक हाती आल्यावर मिनिटभर गज चालविण्यास कोण तयार होणार? एका पिढीच्या आत ठासणीची दुनळी हौशी लोकांच्या कपाटात गेली.

यानंतर काय घडले, ते दोन माणसांच्या नोंदींवरून दिसते. वर उल्लेखिलेला कर्नल हॉकर १८०९ साली तालावेराच्या लढाईत मांडीला जबर जखम होऊनही आयुष्यभर शिकार करीत राहिला. त्याने रोजनिशी ठेवली होती. सुमारे पन्नास वर्षांत ठासणीच्या बंदुकांनी त्याने १७,७५३ पशुपक्षी मारल्याची नोंद तीत सापडते. त्याच देशात पुढच्या पिढीत लॉर्ड रिपन नावाचे उमराव होऊन गेले. मागून भरण्याच्या बंदुका आणि त्या भरून देणारे नोकर यांच्या साह्याने, १९२३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी साडेपाच लाखांहून अधिक पशुपक्षी मारले. हाकारे घालून पक्षी समोर आणण्याची नवी पद्धतही यास कारण होती, हे खरे. परंतु ठासणीच्या बंदुकीने ही संख्या गाठणे कोणासही शक्य नव्हते.

तथापि हत्यार संथ असले की माणूस आपोआप सज्जन होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्याच मुलखातील उदाहरण देतो. मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्ष्यांवरील जुन्या ग्रंथांत आहे. तो काळ सर्वस्वी ठासणीचा. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ ध्यानी येतो. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य स्थापन झाले. तरीही महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शिकारीबरोबर माळराने नाहीशी होणे हेही त्याचे कारण आहे. हत्याराची मर्यादा हावरेपणास काही काळ आवरू शकते, मनास मर्यादा शिकवू शकते. परंतु ज्याला शिकावयाचेच नाही त्याला शिकवू शकत नाही.

आपल्याकडील कायदा आणि शेत

१८५७ सालच्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांवरून पडली, ती एनफील्ड बंदूकही ठासणीचीच होती. कागदी काडतूस दातांनी फोडून दारू तोंडातून ओतावी लागे, आणि म्हणूनच त्यावरील चरबीचा प्रश्न शिपायांच्या धर्माशी जाऊन भिडला. उठावानंतर सरकारने प्रजेस निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ सालचा हत्यारांचा कायदा झाला. त्याने हिंदी माणसास परवान्याविना बंदूक बाळगण्यास बंदी केली. युरोपियनांस मात्र सूट दिली. एकीकडे लंडनच्या कारागिराकडून मापाची दुनळी मागविणारे साहेब व संस्थानिक, आणि दुसरीकडे डुकरांनी नासलेले शेत पाहत बसलेला कुणबी, असे ते चित्र होते. राष्ट्रीय सभेने या भेदभावाविरुद्ध वारंवार आवाज उठविला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला. त्यात पिकांच्या रक्षणासाठी खरोखर हवी असलेली ठासणीची बंदूक मुद्दाम नाव घेऊन उल्लेखिलेली आहे आणि तिच्या परवान्यास इतर हत्यारांपेक्षा सुलभ वाट ठेवली आहे. जगातून हद्दपार झालेले हत्यार आपल्या कोकणच्या शेतावर अधिकृतपणे टिकले ते यामुळे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा परवान्याच्या बंदुका आजही आहेत. मी कोकणात शिक्षक असताना भात पोटरीला आले की रात्री दूरच्या माळ्यावरून एखादा बार ऐकू येई. त्यात बहुधा छर्रे नसत; नुसती दारू असे. डुकरे पळावीत एवढाच हेतू. दुसऱ्या बारास पुष्कळ वेळ लागे, तेवढ्यात कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येई आणि मग पुन्हा शांतता.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्यानंतर बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना राहिला नाही. पीक नासणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याची रीतसर परवानगी लागते. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि रानाचे दुःखही खरे आहे. त्यांचा मेळ घालण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.

हौस आणि वारसा

परदेशात या बंदुकीला आता निराळे आयुष्य लाभले आहे. ब्रिटनमध्ये ठासणीच्या बंदुकांच्या हौशी लोकांची संघटना १९५२ साली स्थापन झाली. जागतिक स्पर्धाही होतात. तेथे जिवंत पक्ष्यांऐवजी यंत्राने फेकलेल्या मातीच्या चकत्या फोडतात. चकमकीच्या दुनळीच्या स्पर्धेस 'मॅन्टन' असेच नाव दिले आहे. काही कारागीर आजही गिऱ्हाइकाचे माप घेऊन दस्ता बेततात, आणि इटलीतील कारखाने जुन्या नमुन्याच्या नव्या दुनळ्या घडवितात. वेगाची स्पर्धा केव्हाच हरलेली वस्तू लोक पदरचे पैसे खर्चून का घेतात? मोजावे लागते, थांबावे लागते आणि धुवावे लागते, याचाच त्यांना आनंद वाटतो.

आता शेवटी आपल्या घरांपुरते चार शब्द. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच केला आहे.

जुनी ठासणीची बंदूक रिकामी आहे असे केव्हाही गृहीत धरू नये. पणजोबांनी भरून ठेवलेला बार तसाच राहून गेलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक वर्षांनंतरही पेटते. ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून पाहण्याची सोय नसते, हे मुलांना व सुनांनाही सांगून ठेवावे. बार आत आहे की काय, हे शोधण्याचा खटाटोप घरी करू नये. पोलीस ठाण्यास कळवून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून तपासणी करून घ्यावी. खंडेनवमीची पूजा त्यानंतर निर्धास्तपणे करावी.

परवाना मृत मनुष्याच्या नावाने चालत नाही. वारसाने वेळीच अर्ज करावा किंवा बंदूक जमा करावी. दुरुस्ती करूनही जी कधीच उडू शकणार नाही अशा निकामी पुरातन हत्यारास कायद्यात सूट आहे. परंतु आपली बंदूक त्या सदरात बसते की नाही, हे आपण स्वतः ठरवू नये.

आणि ती जमा करावी लागली, तरी त्यापूर्वी तिच्या नळीवरील व कळीवरील अक्षरे, ठसे आणि आकडे नीट पाहून कागदावर उतरवून घ्यावेत. ती कोणी आणली, कोणत्या शेतावर वापरली, घरातील कोणास ती चालविता येत होती, हे वृद्धांना आजच विचारावे. कुलवृत्तांतात आपण जन्ममृत्यूच्या तिथी लिहितो. त्यांच्याशेजारी या नोंदीलाही दोन ओळींची जागा द्यावी. घडविणाऱ्याचे नाव त्या लोखंडावर कोरलेले सापडेल किंवा सापडणारही नाही. परंतु ती जपून वापरणाऱ्या आपल्या माणसाचे नाव तरी पुसले जाणार नाही.